अनुदान बंद, औषधाचे काय?

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ ते २० किलोमीटरवर असलेल्या जोतिबाच्या डोंगरावर माघातील खेट्यांपासून चैत्र पौर्णिमेच्या यात्रेपर्यंतचा काळ हा वर्षाची बेगमी करण्याचा काळ असतो. सरकारदरबारी या गावाचे नाव वाडी रत्नागिरी. गुलाल, नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, दवणा, पेढे, चहा-नाश्ता, वाहनतळ अशा लहानमोठ्या धंद्यांवर येथील अनेक घरांचा चरितार्थ चालतो आणि त्या धंद्याचा मोठा हिस्सा याच अडीच-तीन महिन्यांत पदरात पडतो. योगायोग असा की, संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्याने आपण हयात असल्याचा दाखला द्यावयाची मुदतही नेमकी १ जानेवारी ते ३१ मार्च हीच आहे. तहसील कार्यालय पन्हाळ्याला. ज्या दिवसांत घरातील धडधाकट माणसाला दुकान सोडून हलता येत नाही, त्याच दिवसांत घरातील अपंग माणसाला कोणीतरी हात धरून डोंगराखाली न्यावे, अशी नियमाची अपेक्षा आहे.

हा दाखला राहिला, बँक खाते आधारशी जोडलेले नसले, अपंगत्वाच्या तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपली किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावरील आकडा मर्यादेपलीकडे गेला, तर अनुदान थांबते. थांबलेले अनुदान पुन्हा सुरू होते की नाही, थकबाकी मिळते की नाही, यावर तालुक्याच्या कार्यालयांत आणि वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर बरीच चर्चा होत असते. मात्र अनुदान थांबलेल्या महिन्यांत त्या घरात पहिली काटछाट कशावर होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. धान्य शिधापत्रिकेवर मिळते. विजेचे बिल एखादा महिना पुढे ढकलता येते. औषधांच्या दुकानातील उधारीला मात्र मर्यादा असते. मग पूर्ण पट्टीऐवजी पाच गोळ्या घेतल्या जातात, दोन वेळची गोळी एक वेळ होते, रोजची दिवसाआड होते. कागदोपत्री ही सामाजिक अर्थसाहाय्याची बाब असली तरी प्रत्यक्षात ती औषधोपचाराची बाब होऊन बसते.

काही औषधांच्या बाबतीत ही काटकसर जिवावर बेतू शकते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना फिट येण्याचा त्रास असतो. त्यावरील गोळ्या अचानक थांबल्या तर एकामागून एक झटके येत राहून रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवण्याची वेळ येऊ शकते. मणक्याच्या दुखापतीनंतर स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी दिले जाणारे बॅक्लोफेन एकाएकी बंद करू नये, असे डॉक्टर बजावून सांगतात. तीव्र मानसिक आजारात औषध सुटले की आजार उलटतो आणि तो उलटल्याचे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत पुष्कळ काही बिघडून गेलेले असते. थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवल्याने शरीरात साचणारे लोह बाहेर काढणारे औषध नियमित घ्यावे लागते. त्यात खंड पडला तर त्याचा परिणाम हृदय आणि यकृतावर होतो. हे सगळे आजार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कक्षेत येतात. या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यामुळे ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, पण औषधावाचून ज्यांचा दिवस जात नाही, अशांची मोठी संख्या या व्याख्येत आली. कुबड्या आणि तीनचाकी सायकल म्हणजे अपंगांची सोय, ही जुनी समजूत त्या दिवशीच कालबाह्य व्हावयास हवी होती.

राज्यातील या योजनेचा इतिहास मोठा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. बरीच वर्षे लाभार्थ्याला दरमहा ६०० रुपये मिळत. २०१९ मध्ये ते १ हजार आणि जुलै २०२३ पासून दीड हजार झाले. अपंगांना दरमहा ६ हजार रुपये मिळावेत, ही मागणी घेऊन बच्चू कडू यांनी जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर हीही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अपंग लाभार्थ्यांचे अनुदान अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला व तो ऑक्टोबरपासून लागू झाला. वाढ स्वागतार्ह होती, यात शंका नाही. पण ती उशिरा झाली, हेही सांगितले पाहिजे. अपंगांसाठीच्या साहाय्याची रक्कम तशाच प्रकारच्या अन्य योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी, असे २०१६ च्या अधिनियमाचे कलम २४ सांगते. महाराष्ट्रात जुलै २०२३ पासून सव्वादोन वर्षे विधवा, निराधार आणि अपंग या सर्वांना सरसकट दीड हजारच मिळत होते. केंद्राचा हात तर त्याहून आखडता. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये असून २०१२ पासून तो वाढलेला नाही. तोही ८० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीलाच.

रक्कम वाढली की योजनेतील चाळणीही बारीक होते, हा नेहमीचा अनुभव आहे. २०२४ च्या अखेरीपासून हे अनुदान थेट लाभ हस्तांतरण पद्धतीने, आधारशी जोडलेल्या खात्यात देण्याचे धोरण राबवण्यात आले. मधले हात टळावेत, मृतांच्या नावे पैसे उचलले जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु ज्याच्या बोटांचे ठसे कुष्ठरोगाने पुसले गेले आहेत, ज्याचे हात थरथरतात, जो अंथरुणावरून उठू शकत नाही, त्याच्यासाठी यंत्रापुढे ओळख पटवणे हेच एक दिव्य असते. त्यात २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला आणि प्रमाणपत्रांविषयी संशयाचे वातावरण तयार झाले. २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. नोकरी, बढती आणि बदलीतील सवलती लाटणाऱ्यांना हुडकून काढणे आवश्यकच होते. तथापि, नोकरीतील आरक्षणासाठी केलेली लबाडी आणि महिन्याला अडीच हजारांसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणारा माणूस यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. पहिल्याचा पगार चौकशीच्या काळात सहसा सुरू राहतो. दुसऱ्याचे अनुदान आधी थांबते आणि कारण नंतर कळते. कित्येकदा तेही कळत नाही, बँकेत पासबुक भरून घेतल्यावरच उलगडा होतो.

उत्पन्नमर्यादेचा प्रश्न याहून अवघड आहे. या योजनेसाठी सर्वसाधारण कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ २१ हजार रुपये आणि अपंगांसाठी ५० हजार रुपये राहिली आहे. ५० हजार म्हणजे महिन्याला ४ हजार १६६ रुपये, तेही एका व्यक्तीचे नव्हे तर कुटुंबाचे. याच राज्यात जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. दोन्ही योजना सामाजिक साहाय्याच्या असताना धडधाकट स्त्रीसाठी मर्यादा अडीच लाख आणि अपंगासाठी त्याच्या पाचवा हिस्सा, याचे समर्थन कोणत्या तर्काने करता येईल? जोतिबासारख्या ठिकाणी तर उत्पन्न मोजण्याची पद्धतच कोड्यात टाकणारी आहे. समजा, पायांनी अधू असलेल्या एखाद्या गृहस्थाने पायरीलगत गुलालाचे दुकान मांडले. खेट्यांच्या रविवारी आणि चैत्रात त्याच्या हाती बरे पैसे येतील. श्रावणातील षष्ठी सोडली तर पावसाळा रिकामा जाईल. त्याचे वर्षाचे उत्पन्न किती लिहावयाचे? चैत्रावरून हिशेब धरला तर तो ‘निराधार’ उरत नाही. आषाढावरून धरला तर त्याच्यासारखा निराधार दुसरा नाही. त्यामुळे असा माणूस काम करण्यालाच बिचकतो, किंवा केलेले काम दडवतो. ज्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून योजना आहे, त्याला ती बसून राहायला शिकवते.

कोल्हापूरला हे कळावयास बाहेरचे दाखले लागू नयेत. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ या संस्थेची येथेच उभारणी केली. स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी शेकडो अपंगांना शिक्षण आणि रोजगाराकडे वळवले. त्यांच्या कामाचा सारा रोख अपंगाला कमावता करण्याचा होता. मात्र कमावत्या अपंगाला औषध घ्यावे लागत नाही, असे कोणीही म्हणणार नाही. किंबहुना औषध चालू असते म्हणूनच तो कमावू शकतो.

अमेरिकेत हाच पेच वेगळ्या रूपाने उभा राहिला होता. तेथे गरीब अपंगांना मिळणाऱ्या पूरक उत्पन्न साहाय्याशी ‘मेडिकेड’ ही सरकारी आरोग्य योजना अनेक राज्यांत जोडलेली आहे. नोकरी लागली की साहाय्य जाते, साहाय्य गेले की मेडिकेड जाते आणि मेडिकेड गेले की औषध परवडत नाही, म्हणून लोक नोकरीच टाळू लागले. तेव्हा कायद्यात अशी तरतूद करण्यात आली की, कमाईमुळे रोख साहाय्य बंद झाले तरी ठरावीक मर्यादेपर्यंत औषधोपचाराचे संरक्षण कायम राहील. १९८६ मध्ये ही तरतूद कायमस्वरूपी झाली. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांचे शुल्कच रद्द केले. इंग्लंडमध्ये ते आहे, पण अनेकांना त्यातून सूट मिळते. त्या देशांची श्रीमंती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. रोख मदत आणि औषध ही दोन वेगळी दालने आहेत व एकाचे दार लावताना दुसऱ्याला कुलूप लागता कामा नये, हे त्यांनी ओळखले.

भारतीय कायद्यानेही ते ओळखले आहे, ही यातील खरी गंमत. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये सरकारने कोणकोणत्या योजना आखाव्यात याची यादी दिली आहे. त्यात अपंग निवृत्तिवेतन हे एक कलम आहे आणि साधने, औषधे, निदान व सुधारक शस्त्रक्रिया विनामूल्य देणे हे त्याहून स्वतंत्र असे दुसरे. दोन्हींसाठी उत्पन्नमर्यादा ठरवण्याची मुभा सरकारला आहे आणि ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पळवाटही कलमाच्या सुरुवातीलाच आहे. तरीही कायदेमंडळाच्या मनात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एवढे त्यावरून स्पष्ट होते. व्यवहारात मात्र गरीब घरातील अपंगाचे अनुदान हाच त्याचा औषधनिधी बनला आहे. एका थैलीत दोन हक्क कोंबले गेले आणि थैलीचे तोंड तहसील कार्यालयाच्या हाती राहिले.

सरकारी औषध मोफत मिळतेच की, असा यावर प्रतिवाद होऊ शकतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत सर्व उपचार विनाशुल्क करण्याचा निर्णय राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आणला. हा निर्णय मोठा होता. परंतु त्याच्या कक्षेत वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये नव्हती. कोल्हापुरात ज्याला सगळे ‘सीपीआर’ म्हणतात ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे राजर्षी शाहू महाराजांच्या नावे असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न, म्हणजे दुसऱ्या विभागाचे. मेंदूविकार, मानसोपचार, अपंगत्वाचे प्रमाणपत्र या कामांसाठी डोंगरावरचा रुग्ण जाणार तेथेच. मंत्रालयातील दोन विभागांच्या सीमारेषा त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय मोफत असणे आणि उपलब्ध असणे यांत अंतर आहे. हाफकिन महामंडळाकडून होणाऱ्या औषधखरेदीचा घोळ वर्षानुवर्षे गाजला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाल्यावर औषधटंचाईचा मुद्दा पुन्हा ऐरणीवर आला. खरेदीसाठी राज्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, पण अंगठ्याएवढ्या खिडकीतून ‘ही गोळी बाहेरून आणा’ असे सांगितले जाण्याची सवय कायद्याने एका वर्षात जात नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची व्याप्ती २०२४ मध्ये राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्यात आली आणि संरक्षण ५ लाख रुपयांचे झाले. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. महिन्याची औषधे घरी घेणारा माणूस तिच्यात बसत नाही. गोळी न मिळाल्याने त्याला झटके आले, तो दाखल झाला, की मग त्याचा खर्च सरकार उचलते! ज्या खर्चाने दाखल होणे टळले असते, तो खर्च मात्र त्याचा त्याने करावयाचा. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना बाह्यरुग्ण उपचारांचाही काही भार उचलते व तिचे संरक्षण १ लाखाचे आहे. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरतीच आहे. मणक्याची दुखापत झालेला किंवा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण तिच्या बाहेर राहतो.

दुकानातील किमतींचे चित्रही पाहण्यासारखे आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण ठरवते आणि दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकानुसार ती वाढू दिली जाते. २०२२ मध्ये ही मुभा १०.७६ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के होती. म्हणजे दोन वर्षांत मिळून कमाल किंमत सुमारे २४ टक्क्यांनी वर जाऊ शकत होती. पुढच्या दोन वर्षांत वाढ नाममात्र राहिली. यादीबाहेरच्या औषधांची किंमत उत्पादक वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने ८ औषधांच्या ११ प्रकारांची कमाल किंमत एकदम ५० टक्क्यांनी वाढवली. किंमत परवडत नसल्याने उत्पादक माघार घेतील व औषध बाजारातूनच नाहीसे होईल, हे त्यामागचे कारण होते आणि ते अगदीच पोकळ नव्हते. त्या ८ औषधांत मनोविकारावरील लिथियम आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांचे डेस्फेरिऑक्झामिन होते. दोन्ही आजार अपंगत्वाच्या २१ प्रकारांत मोडतात. किंमत वाढवणाऱ्यांनी औषध वाचवले, असे म्हणता येईल. ते घेणाऱ्याला वाचवण्याची जबाबदारी कोणाकडे आहे, हे मात्र कुठल्या आदेशात लिहिलेले नसते.

जनऔषधी केंद्रे हा यावरील सर्वांत व्यवहार्य उतारा. २००८ मध्ये आरंभ झालेल्या या उपक्रमाची केंद्रे २०२५ च्या प्रारंभी १५ हजारांवर गेली. तेथे औषधे खरोखरच पुष्कळ स्वस्त मिळतात. अडचण चिठ्ठीपासून सुरू होते. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, हा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला आणि विरोध होताच त्याच महिन्यात स्थगित केला. चिठ्ठीवर कंपनीचे नाव असले की रुग्ण तेच मागतो. फिटच्या औषधांत तर दुसऱ्या कंपनीची गोळी घ्यावी की नाही, याविषयी डॉक्टरही सावध असतात. त्यांच्या सावधपणाला वैद्यकीय आधार आहे. परंतु म्हणूनच हे औषध सरकारने स्वतः, एकाच दर्जाचे आणि अखंड पुरवणे अधिक निकडीचे ठरते. एस.टी.च्या प्रवासात अपंगाला ७५ टक्के सवलत मिळते. ती घेऊन तो कोल्हापुरात उतरतो आणि पूर्ण किमतीची गोळी घेऊन परत चढतो.

यावर करावयाचे उपाय फार क्रांतिकारक नाहीत. केंद्राने वैश्विक ओळखपत्र दिले आहे. ज्याच्याकडे ते आहे, त्याला त्याच्या अपंगत्वाशी निगडित औषध सरकारी रुग्णालयातून विनामूल्य मिळावे व त्याचा अनुदान चालू असण्या-नसण्याशी संबंध नसावा, एवढा आदेश काढता येईल. त्यात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये धरली पाहिजेत, नाहीतर कोल्हापूरला त्याचा उपयोग नाही. औषध एकावेळी तीन महिन्यांचे दिले तर डोंगर उतरण्याच्या फेऱ्या वाचतील. अनुदान थांबवण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी आणि पडताळणी होईपर्यंत ते चालू ठेवावे. चौकशीत अपात्र ठरल्यास पुढील रक्कम थांबवता येईल. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी अर्ज केला असेल तर जुने प्रमाणपत्र तोवर ग्राह्य धरण्यास हरकत नसावी. २०२४ च्या दुरुस्त नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांची केली आहे. सरकारला लागणारा हा जादा वेळ अपंगाच्या अनुदानातून का वसूल व्हावा?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग होते. तेव्हा प्रकार कमी मोजले गेले होते, हे लक्षात घेता आजची संख्या त्याहून अधिक असणार. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, असा डिसेंबर २०२२ मध्ये गौरव झाला होता. औषधाचा प्रश्न त्या विभागाचा, सार्वजनिक आरोग्याचा, वैद्यकीय शिक्षणाचा की अनुदान देणाऱ्या सामाजिक न्यायाचा, हे ठरवण्यातच फाइल अडकणार असेल तर चौथा विभाग झाल्याने फक्त एक टेबल वाढले.

मे २०२५ मध्ये चोंडी येथील मंत्रिमंडळ बैठकीत जोतिबा तीर्थक्षेत्राच्या २५९ कोटी ५९ लाख रुपयांच्या विकास आराखड्यास मंजुरी देण्यात आली. मंदिराचा निधी औषधांकडे वळवा, असे म्हणण्यात अर्थ नाही. ते दोन वेगळे हिशेब आहेत. पण चैत्र यात्रेच्या वेळी लाखोंच्या गर्दीसाठी पोलीस, एस.टी., महसूल आणि आरोग्य अशी सारी यंत्रणा डोंगरावर येतच असते. खेट्यांच्या एखाद्या रविवारी, मार्च संपण्यापूर्वी, त्याच यंत्रणेतील नायब तहसीलदार आणि एक वैद्यकीय अधिकारी ग्रामपंचायतीत टेबल मांडून बसले, तर हयातीचे दाखले तेथेच होतील, आधारची जोडणी तेथेच तपासता येईल आणि आराखड्यात औषधवाटपासाठी एक खोली धरली तर पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्याही तेथूनच देता येतील.